फिडेल कॅस्ट्रो आणि सोव्हिएत संघ : एका लष्करी मैत्रीचा चिकित्सक अभ्यास (१९६०-१९९१)

प्रस्तावना :

शीतयुद्धाच्या इतिहासलेखनात लहान राष्ट्रांच्या वाट्याला सामान्यतः दुय्यम भूमिका येते. वॉशिंग्टन आणि मॉस्को येथे निर्णय होत आणि उर्वरित जग त्या निर्णयांचे परिणाम भोगत असे, ही मांडणी आपल्याकडील जागतिक इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतही रूढ झालेली आहे. १९६२ चा क्यूबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग शिकविताना केनेडी आणि क्रुश्चेव्ह या दोन नावांभोवतीच सारे विवेचन फिरते. ज्या भूमीवर ती क्षेपणास्त्रे उभी राहिली त्या भूमीचा नेता एखाद्या परिच्छेदात येतो आणि निघून जातो.

१९९० नंतर हे चित्र बदलू लागले. जानेवारी १९९२ मध्ये हवाना येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकन, रशियन आणि क्यूबन अशा तिन्ही बाजूंचे तत्कालीन सूत्रधार एकत्र बसले. स्वतः कॅस्ट्रो त्या परिषदेस उपस्थित होते. पुढे मॉस्कोतील कागदपत्रांचा काही भाग खुला झाला आणि हवानातील दप्तरेही मर्यादित प्रमाणात पिएरो ग्लायहेसेस यांच्यासारख्या संशोधकांना पाहावयास मिळाली. या नव्या साधनांमुळे ‘क्यूबा हा सोव्हिएत संघाचा उपग्रह होता’ या जुन्या सिद्धान्ताची फेरतपासणी करणे अपरिहार्य ठरले आहे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. क्यूबा आणि सोव्हिएत संघ यांच्यात तीन दशके व्यापक लष्करी सहकार्य होते, याविषयी दुमत नाही. परंतु या सहकार्यात क्यूबाच्या संरक्षणाची बंधनकारक हमी होती काय? प्रस्तुत लेखकाच्या मते अशी हमी कधीच नव्हती. ती नाही याची जाणीव कॅस्ट्रो यांना १९६२ च्या अखेरीस झाली आणि त्यानंतरचे त्यांचे लष्करी व परराष्ट्र धोरण या जाणिवेतून घडत गेले. सोव्हिएत शस्त्रे त्यांनी घेतली, परंतु सोव्हिएत शब्दावर विसंबून राहणे त्यांनी सोडून दिले.

शस्त्रांचा शोध : १९५९ ते १९६१

१ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता क्यूबातून पळाला आणि ८ जानेवारीस कॅस्ट्रो यांनी हवानात प्रवेश केला, तेव्हा मॉस्कोला या क्रांतीविषयी फारशी माहिती नव्हती. क्यूबातील जुना कम्युनिस्ट पक्ष कॅस्ट्रो यांच्या सशस्त्र लढ्याकडे दीर्घकाळ साशंकतेने पाहत आला होता. एप्रिल १९५९ मध्ये कॅस्ट्रो अमेरिकेस जाऊन आले आणि उपाध्यक्ष निक्सन यांना भेटले. त्यांचे सरकार शस्त्रांसाठी प्रथम पश्चिम युरोपकडे वळले, ही बाब येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. बेल्जियमकडून रायफली आणि दारूगोळा घेण्यात आला. ब्रिटनकडे जेट लढाऊ विमानांची मागणी करण्यात आली, परंतु अमेरिकेच्या दबावामुळे ती फेटाळली गेली. ४ मार्च १९६० रोजी बेल्जियन दारूगोळा घेऊन आलेल्या ‘ला कुब्र’ या फ्रेंच जहाजावर हवाना बंदरात प्रचंड स्फोट झाला व सुमारे १०० माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटाचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही, मात्र कॅस्ट्रो यांनी अमेरिकेस जबाबदार धरले. पश्चिमेकडून शस्त्रे मिळणार नाहीत ही त्यांची समजूत या घटनेने पक्की झाली.

तत्पूर्वी एक महिना, फेब्रुवारी १९६० मध्ये, सोव्हिएत उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान हवानात येऊन गेले होते. दरवर्षी सुमारे १० लाख टन साखर खरेदी करण्याचे आणि २.५ टक्के व्याजाने १० कोटी डॉलरचे कर्ज देण्याचे त्या वेळी ठरले. ८ मे १९६० रोजी राजनैतिक संबंध पुनः प्रस्थापित झाले. त्यानंतरच्या घटनाक्रमाला विलक्षण वेग आला. क्यूबातील परकीय तेलशुद्धीकरण कारखान्यांनी सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करण्यास नकार दिला आणि क्यूबाने ते कारखाने ताब्यात घेतले. ६ जुलै रोजी आयझेनहॉवर यांनी क्यूबाच्या साखरेचा उरलेला कोटा रद्द केला. तीनच दिवसांनी क्रुश्चेव्ह यांनी, क्यूबावर आक्रमण झाल्यास सोव्हिएत तोफखाना प्रक्षेपणास्त्रांच्या माऱ्याने क्यूबन जनतेस साहाय्य करू शकेल, अशा आशयाचे उद्गार काढले. मात्र हे आपण आलंकारिक अर्थाने बोलत आहोत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. हवानात आलंकारिक भाग गळून पडला आणि आश्वासन तेवढे उरले. पुढील सर्व गैरसमजांचे बीज या एका विशेषणात आहे असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरणार नाही.

त्याच जुलै महिन्यात राऊल कॅस्ट्रो प्राग व मॉस्को येथे गेले आणि शस्त्रांचा ओघ सुरू झाला. सप्टेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला गेलेले कॅस्ट्रो हार्लेममधील थेरेसा हॉटेलात उतरले. तेथेच त्यांची क्रुश्चेव्ह यांच्याशी पहिली भेट झाली. पंडित नेहरूही त्याच हॉटेलात जाऊन त्यांना भेटले होते. मध्यम दर्जाच्या त्या हॉटेलात एकाच आठवड्यात साम्यवादी महासत्तेचा प्रमुख आणि अलिप्ततावादाचा प्रणेता या दोघांनी पायधूळ झाडावी, यातच कॅस्ट्रो यांच्यासमोरील दोन वाटा स्पष्ट दिसतात. त्यांनी पुढे दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालण्याचा प्रयत्न केला.

१७ एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेने प्रशिक्षित केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरले. १९ एप्रिलपर्यंत त्यांचा पाडाव झाला. या लढाईत सोव्हिएत बनावटीचे टी-३४ रणगाडे वापरले गेले हे खरे. परंतु आक्रमकांची जहाजे बुडविणारी विमाने होती ती बातिस्ताच्या राजवटीकडून वारशाने आलेली ब्रिटिश ‘सी फ्युरी’ आणि अमेरिकन टी-३३. म्हणजे क्रांतीचा पहिला मोठा लष्करी विजय सोव्हिएत संरक्षणामुळे मिळाला, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. आक्रमणाच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिल रोजी, कॅस्ट्रो यांनी आपली क्रांती समाजवादी असल्याचे प्रथमच जाहीर केले आणि डिसेंबरच्या प्रारंभी स्वतःस मार्क्सवादी-लेनिनवादी म्हणवून घेतले. या घोषणांचे मॉस्कोने उत्साहाने स्वागत केले नाही. समाजवादी राष्ट्राच्या रक्षणाची जबाबदारी समाजवादी छावणीवर येते, हा त्यामागील तर्क क्रुश्चेव्ह यांच्या ध्यानात आला होता. कॅस्ट्रो विचारसरणीच्या भाषेत संरक्षणाची हमी मागत होते आणि मॉस्को ती द्यावयास कचरत होते.

१९६२ : स्वाक्षरी न झालेला करार

मे १९६२ मध्ये बल्गेरियाच्या दौऱ्यावर असताना क्रुश्चेव्ह यांच्या मनात क्यूबात अण्वस्त्रे ठेवण्याची कल्पना आली. क्यूबाचे रक्षण हा एक हेतू होता, तसेच अमेरिकेशी असलेली अण्वस्त्रांची तफावत भरून काढणे आणि तुर्कस्तानातील अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रांस उत्तर देणे हेही हेतू होते. यांपैकी कोणता हेतू प्रधान होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मे महिन्याच्या अखेरीस शरफ रशिदोव्ह यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ, कृषितज्ज्ञांचे शिष्टमंडळ असल्याचे भासवून, हवानात दाखल झाले. त्यात क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल बिर्युझोव्ह हे टोपणनावाने आले होते.

कॅस्ट्रो यांनी प्रस्ताव स्वीकारला, परंतु त्यामागची त्यांची भूमिका मॉस्कोच्या अपेक्षेहून वेगळी होती. केवळ क्यूबाच्या रक्षणासाठी आम्हांस क्षेपणास्त्रे नकोत. समाजवादी छावणीचे बळ वाढविण्यासाठी हवी असतील तर आम्ही ती ठेवून घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. हा केवळ शब्दच्छल नव्हता. संरक्षण मागणारा याचक म्हणून नव्हे, तर जोखीम वाटून घेणारा भागीदार म्हणून त्यांना या व्यवहारात उभे राहावयाचे होते.

जुलैमध्ये राऊल कॅस्ट्रो आणि संरक्षणमंत्री मालिनोव्स्की यांनी मॉस्कोत कराराचा मसुदा तयार केला. सोव्हिएत सैन्याने क्यूबाचे कायदे पाळावेत, शस्त्रांची मालकी व हुकमत सोव्हिएत संघाकडे राहावी आणि मुदत पाच वर्षांची असावी, असे त्यात होते. कॅस्ट्रो यांनी मसुद्याची भाषा स्वतः सुधारली. ऑगस्टच्या अखेरीस चे गव्हेरा आणि एमिलिओ आरागोनेस तो सुधारित मसुदा घेऊन सोव्हिएत संघात गेले. त्यांची प्रमुख मागणी अशी की हा करार जाहीर करावा. दोन सार्वभौम राष्ट्रांना असा करार करण्याचा आंतरराष्ट्रीय कायद्याने पूर्ण अधिकार आहे. तुर्कस्तान आणि इटली यांनी अमेरिकेशी जे केले तेच क्यूबा करीत आहे. मग लपवाछपवी कशासाठी? क्रुश्चेव्ह यांनी हे मानले नाही. गोष्ट उघडकीस आलीच तर बाल्टिक आरमार धाडू, असे त्यांनी हसत सांगितले. नोव्हेंबरमध्ये हवानात येऊन करारावर स्वाक्षरी करण्याचा आणि मगच तो जगापुढे मांडण्याचा त्यांचा बेत होता. नोव्हेंबर उजाडला तेव्हा क्षेपणास्त्रे परतीच्या जहाजांवर होती. दोन्ही राष्ट्रांच्या प्रमुखांची स्वाक्षरी त्या करारावर कधीच झाली नाही.

या बाबतीत कॅस्ट्रो यांचे म्हणणे अधिक दूरदर्शी होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते. गुप्ततेमुळेच केनेडी यांना २२ ऑक्टोबरच्या भाषणात ‘फसवणूक’ हा मुद्दा पुढे करता आला. उघड करारास विरोध करणे अमेरिकेला राजकीयदृष्ट्या आणि कायदेशीरदृष्ट्या कितीतरी अवघड गेले असते. तथापि उघड करार झाला असता तर अमेरिकेने तो अमलात येण्यापूर्वीच आक्रमण केले असते, या प्रतिवादातही तथ्य आहेच.

सैन्य पाठविण्याच्या या मोहिमेस ‘अनादिर’ हे सैबेरियाच्या ईशान्य टोकावरील नदीचे नाव देण्यात आले होते आणि संशय येऊ नये म्हणून उष्ण कटिबंधात निघालेल्या सैनिकांना बर्फावरील घसरपट्ट्याही देण्यात आल्या होत्या. जनरल इस्सा प्लीयेव्ह यांच्या हुकमतीखाली सुमारे ४२,००० सोव्हिएत सैनिक क्यूबात पोहोचले. अमेरिकन गुप्तचरांचा त्या वेळचा अंदाज याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास होता. आर-१२ जातीची ३६ क्षेपणास्त्रे आली, त्यांसोबत रणभूमीवर वापरावयाची सुमारे १०० लहान अण्वस्त्रेही आली. या लहान अण्वस्त्रांचा अमेरिकेला निश्चित पत्ता नव्हता. तीस वर्षांनंतर हवाना येथील परिषदेत ही माहिती ऐकून माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा हादरून गेले.

२७ ऑक्टोबर आणि त्यानंतर :

१४ ऑक्टोबरच्या विमानटेहळणीत क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे मिळाली. त्यानंतरचे तेरा दिवस सुपरिचित असल्याने त्यांची पुनरावृत्ती टाळून केवळ क्यूबाच्या बाजूचा विचार करू.

२६ व २७ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री कॅस्ट्रो हवानातील सोव्हिएत दूतावासात गेले आणि राजदूत अलेक्सेयेव्ह यांच्या साहाय्याने त्यांनी क्रुश्चेव्ह यांना एक पत्र लिहिले. २४ ते ७२ तासांत आक्रमण होणे जवळजवळ निश्चित आहे. अमेरिकेने प्रत्यक्ष आक्रमण करून क्यूबा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केल्यास तिला पहिला अणुप्रहार करण्याची संधी सोव्हिएत संघाने मिळू देऊ नये, असा त्या पत्राचा आशय होता. क्रुश्चेव्ह यांनी त्याचा अर्थ ‘तुम्ही आधी अणुप्रहार करा’ असा घेतला आणि ते चरकले. कॅस्ट्रो यांनी हा अर्थ पुढे नाकारला. तरीही पत्राची भाषा पाहता क्रुश्चेव्ह यांची भीती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. राष्ट्राच्या सन्मानासाठी संपूर्ण राष्ट्राचे अस्तित्व पणास लावण्याचा अधिकार कोणत्याही नेत्यास, मग तो कितीही लोकप्रिय असो, कोणी दिला हा प्रश्न येथे उभा राहतो. कॅस्ट्रो यांच्या स्वाभिमानाचे कौतुक करणाऱ्या डाव्या अभ्यासकांनी हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

२७ ऑक्टोबरच्या सकाळी कॅस्ट्रो यांच्या आदेशावरून क्यूबन तोफांनी खालून उडणाऱ्या अमेरिकन विमानांवर मारा सुरू केला. त्याच दिवशी मॉस्कोची परवानगी न घेता स्थानिक सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांनी एक यू-२ विमान पाडले आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. मित्रराष्ट्राच्या उसळत्या वातावरणात आपलेच सैन्य आपल्या हाताबाहेर जाऊ शकते, हा धडा क्रुश्चेव्ह यांना त्या दिवशी मिळाला.

२८ ऑक्टोबर रोजी क्षेपणास्त्रे मागे घेण्याची घोषणा झाली. कॅस्ट्रो यांना ती मॉस्कोकडून कळली नाही. वृत्तसंस्थेच्या तारेवर आलेली बातमी ‘रेव्होल्यूसिओन’ या दैनिकाचे संपादक कार्लोस फ्रांकी यांनी त्यांना दूरध्वनीवरून सांगितली. आपल्या भूमीवरील शस्त्रांविषयीचा निर्णय आपल्याला वृत्तसंस्थेकडून कळावा यापरता अपमान कोणता? त्यांनी त्याच दिवशी पाच मागण्या जाहीर केल्या. आर्थिक नाकेबंदी, घातपाती कारवाया, समुद्रमार्गे होणारे हल्ले आणि हवाई हद्दीचा भंग ही चारही कृत्ये थांबवावीत व ग्वांतानामो येथील नाविक तळ परत द्यावा, अशा त्या मागण्या होत्या. त्यांपैकी एकीचाही केनेडी-क्रुश्चेव्ह पत्रव्यवहारात समावेश नव्हता. क्यूबाच्या भूमीवर आंतरराष्ट्रीय तपासणीस मात्र कॅस्ट्रो यांनी ठाम नकार दिला आणि संयुक्त राष्ट्रांचे प्रभारी महासचिव ऊ थांट यांना रिकाम्या हाती परतावे लागले.

या पेचप्रसंगाचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोहोचतो. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने भारतावर आक्रमण केले. क्यूबाच्या प्रश्नावर चीनला दुखावणे परवडणार नसल्याने २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ने सीमावादात चीनला अनुकूल भूमिका घेतली. पेचप्रसंग निवळल्यावर सोव्हिएत भूमिका पुन्हा तटस्थतेकडे वळली. महासत्तेची मैत्री ही त्या महासत्तेच्या अन्य अडचणींच्या प्रमाणात कमी-अधिक होते, याचा अनुभव त्या पंधरवड्यात हवाना व दिल्ली या दोन्ही राजधान्यांना आला.

मिकोयान यांची शिष्टाई :

रुसलेल्या मित्राची समजूत काढण्यासाठी मिकोयान २ नोव्हेंबर रोजी पुनः हवानात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पत्नीच्या निधनाची वार्ता आली. तरीही त्यांनी मुलास मॉस्कोला पाठविले आणि स्वतः हवानातच थांबले. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या या वाटाघाटींची टिपणे आज उपलब्ध आहेत आणि शीतयुद्धाच्या कागदपत्रांत त्यांच्याइतके मानवी संघर्षाने भरलेले दुसरे दप्तर क्वचितच सापडेल. एका बाजूस सदुसष्टीला टेकलेला, स्टॅलिनचा काळ पाहिलेला मुत्सद्दी. दुसऱ्या बाजूस छत्तीस वर्षांचा संतप्त क्रांतिकारक. मिकोयान पुनःपुन्हा सांगत होते की युद्ध टळले आणि क्यूबावर आक्रमण न करण्याचे वचन मिळाले, हाच विजय आहे. कॅस्ट्रो विचारीत होते की या वचनास आधार काय?

प्रथम क्षेपणास्त्रे गेली; मग अमेरिकेच्या आग्रहावरून इल-२८ ही बाँबफेकी विमानेही परत नेण्याचे ठरले. त्याबद्दल हवानाची संमती मिळताच २० नोव्हेंबर रोजी केनेडी यांनी सागरी नाकेबंदी उठविली. आता प्रश्न उरला होता तो लहान अण्वस्त्रांचा. अमेरिकेने ती मागितली नव्हती, कारण तिला त्यांची माहिती नव्हती. २२ नोव्हेंबरच्या बैठकीत कॅस्ट्रो यांनी ती क्यूबातच राहू द्यावीत असे सुचविले. त्यावर, अण्वस्त्रे दुसऱ्या राष्ट्राच्या हाती देण्यास सोव्हिएत कायद्याने बंदी आहे, असे मिकोयान यांनी सांगितले. हा कायदा प्रसिद्ध झालेला नव्हता. डिसेंबरच्या प्रारंभी ही अण्वस्त्रेही क्यूबाबाहेर गेली.

प्रस्तुत लेखकाच्या मते क्यूबन-सोव्हिएत लष्करी संबंधांच्या इतिहासात २८ ऑक्टोबरपेक्षा २२ नोव्हेंबर ही तारीख अधिक निर्णायक आहे. २८ ऑक्टोबरची माघार ही युद्धाच्या छायेत, घाईने घेतलेली होती. तिचे समर्थन होऊ शकत होते. नोव्हेंबरमधील नकार हा शांत चित्ताने, कोणतीही बाह्य मागणी नसताना दिलेला होता. क्यूबाला शस्त्रे मिळतील, परंतु महासत्तेच्या प्राणांतिक शस्त्रांवर तिचा हक्क असणार नाही आणि त्यांच्या वापराविषयी तिचा शब्दही विचारला जाणार नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

कॅस्ट्रो एप्रिल ते जून १९६३ या काळात सोव्हिएत संघात गेले तेव्हा त्यांचे अभूतपूर्व स्वागत झाले आणि ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ही पदवी त्यांना मिळाली. याच दौऱ्यात क्रुश्चेव्ह त्यांना केनेडी यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचून दाखवीत असताना तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रांच्या अदलाबदलीचा उल्लेख अनवधानाने आला. आपला देश एका सौद्यातील नाणे होता, हे कॅस्ट्रो यांना असे समजले. ही हकीकत त्यांनी स्वतः १९९२ मध्ये सांगितली. सांगणारा संबंधित पक्षच असल्याने ती जपून वापरावी लागते, हे खरे. पण सौदा झाला होता आणि क्यूबापासून लपविला गेला होता, हे इतर साधनांवरूनही सिद्ध होते.

दुराव्याची आणि जुळवणीची वर्षे :

१९६३ नंतर सोव्हिएत शस्त्रे बहुतांशी विनामूल्य मिळू लागली आणि एक सोव्हिएत ब्रिगेड क्यूबात राहिली. लष्करीदृष्ट्या दोन-तीन हजारांच्या त्या तुकडीचे मोल अल्प होते. अमेरिकेने आक्रमण केल्यास काही सोव्हिएत सैनिक तरी मारले जातील आणि मॉस्कोला स्वस्थ बसता येणार नाही, एवढाच तिचा उपयोग. १९७९ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये या ब्रिगेडचा जणू नव्याने ‘शोध’ लागून गदारोळ झाला, तेव्हा ती सतरा वर्षे तेथेच होती.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संबंध तुटण्याच्या बेतास आले. लॅटिन अमेरिकेतील सशस्त्र लढ्यांस क्यूबा देत असलेला पाठिंबा मॉस्कोस मान्य नव्हता. जून १९६७ मध्ये कोसिजिन यांनी हवानात येऊन याविषयी नापसंती व्यक्त केली; ऑक्टोबरमध्ये चे गव्हेरा बोलिव्हियात मारले गेले. जानेवारी १९६८ मध्ये सोव्हिएत तेलपुरवठा अपुरा पडू लागल्याने कॅस्ट्रो यांना पेट्रोलचे रेशनिंग जाहीर करावे लागले. त्याच सुमारास त्यांनी मॉस्कोधार्जिण्या गटाचे नेते अनिबाल एस्कालांते यांना पंधरा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात धाडले.

या पार्श्वभूमीवर २३ ऑगस्ट १९६८ च्या त्यांच्या भाषणाचे महत्त्व आहे. चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणास त्यांनी पाठिंबा दिला, ही गोष्ट सर्वत्र नोंदविली जाते आणि ती त्यांच्या शरणागतीचा पुरावा मानली जाते. भाषण मुळातून पाहिल्यास वेगळे काही दिसते. चेकोस्लोव्हाकियाच्या सार्वभौमत्वाचा भंग झाला हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले. मग त्यांनी विचारले की समाजवादाच्या रक्षणासाठी वॉर्सा कराराची सैन्ये प्रागमध्ये जाऊ शकतात, तर उद्या मागणी झाल्यास ती व्हिएतनामला, कोरियाला, क्यूबाला धाडली जातील काय? १९६१ पासूनचा हमीचा प्रश्न त्यांनी येथे पुनः उभा केला होता. मॉस्कोने त्याचे उत्तर दिले नाही. तरीही दुसऱ्या एका सार्वभौम राष्ट्राचा बळी मान्य करून त्यांनी तो विचारला, हा या भाषणावरील डाग पुसला जात नाही.

आफ्रिका : कनिष्ठ मित्राचे स्वतंत्र युद्ध

‘सोव्हिएत संघाचे भाडोत्री सैन्य’ हा क्यूबावरील आरोप मुख्यतः आफ्रिकेतील मोहिमांमुळे झाला. अंगोला ही पोर्तुगालची आफ्रिकेतील सर्वांत विस्तीर्ण वसाहत. गोव्यावर साडेचार शतके राज्य करणारी सत्ता येथेही शेवटपर्यंत चिकटून राहिली होती. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी अंगोला स्वतंत्र होणार होता आणि दक्षिण आफ्रिकेचे सैन्य राजधानी लुआंडाच्या दिशेने सरकत होते. नोव्हेंबरच्या प्रारंभी कॅस्ट्रो यांनी सैन्य धाडण्याचा निर्णय घेतला. ग्लायहेसेस यांनी दाखवून दिल्याप्रमाणे हा निर्णय मॉस्कोच्या संमतीविना घेतला गेला. ब्रेझनेव्ह यांना अमेरिकेशी चाललेल्या तणावशैथिल्यात विघ्न नको होते. पहिल्या तुकड्या क्यूबाच्या जुनाट ‘ब्रिटानिया’ विमानांतून आणि मालवाहू जहाजांतून गेल्या. सोव्हिएत विमाने मिळू लागली ती जानेवारी १९७६ मध्ये. वसंत ऋतूपर्यंत क्यूबन सैनिकांची संख्या सुमारे ३६,००० झाली. मोहिमेस ‘कार्लोता’ हे नाव दिले होते. १८४३ मध्ये मातान्सास प्रांतातील ऊसमळ्यावर उठाव करणाऱ्या एका गुलाम स्त्रीचे ते नाव होय. ते मॉस्कोतून सुचले नसते, एवढे निश्चित.

इथिओपियाची गोष्ट निराळी. १९७७-७८ मधील ओगादेनच्या युद्धात सोव्हिएत जनरल पेत्रोव्ह यांच्या नियोजनाखाली क्यूबन सैन्य लढले आणि तेथे ‘भाडोत्री’ नसले तरी ‘अंगीकृत’ सैन्याचे स्वरूप त्यास निश्चित आले. पुढे नोव्हेंबर १९८७ मध्ये क्विटो क्वानावाले येथे अंगोलाचे सैन्य वेढले गेले तेव्हा कॅस्ट्रो यांनी मॉस्कोला आगाऊ न विचारता मोठी कुमक धाडली. डिसेंबर १९८८ च्या न्यूयॉर्क येथील करारांनी नामिबियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग खुला झाला. या सर्व मोहिमांत दोन हजारांहून अधिक क्यूबन मरण पावले. एवढ्या लहान देशाने दूरदेशी केलेला हा त्याग जेवढा थक्क करणारा, तेवढाच तो करण्यापूर्वी तेथील जनतेला विचारण्याची कोणतीही यंत्रणा नव्हती हेही खरे.

हमीविना मैत्रीचा शेवट :

भारताने ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी केलेल्या करारात आक्रमणप्रसंगी परस्पर विचारविनिमयाचे कलम होते. भारत अलिप्त राष्ट्र होता, तरी त्याच्या हाती एक लिखित मजकूर होता. समाजवादी छावणीचा घटक मानला गेलेला क्यूबा मात्र वॉर्सा कराराचा सदस्य कधीच नव्हता. १९७२ मध्ये तो पूर्व युरोपीय राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेत सामील झाला, लष्करी संघटनेत नव्हे. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांचे अध्यक्षपद इंदिरा गांधींकडे सोपविणारे कॅस्ट्रो आणि हा विरोधाभास एकत्र ठेवून पाहिला पाहिजे. अलिप्ततेचे व्यासपीठ त्यांना शोभेपुरते नको होते. हमी नसलेल्या राष्ट्राला मित्रांची संख्या वाढवावी लागते.

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी, क्यूबावर हल्ला झाल्यास आम्ही तेथे लढू शकणार नाही, असे सोव्हिएत नेतृत्वाने आपणांस स्पष्टपणे सांगितले होते, हे राऊल कॅस्ट्रो यांनी १९९३ मध्ये एका मेक्सिकन वृत्तपत्रास दिलेल्या मुलाखतीत उघड केले. ही गोष्ट त्या वेळी जनतेपासून लपविण्यात आली. मात्र १९८० पासून प्रादेशिक मिलिशिया उभारून ‘सर्व जनतेचे युद्ध’ हा सिद्धान्त क्यूबाने स्वीकारला होता, त्याचा अर्थ या खुलाशामुळे अधिक स्पष्ट होतो.

एप्रिल १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह हवानात आले आणि मैत्री व सहकार्याचा पंचवीस वर्षांचा करार झाला. लष्करी हमी त्यातही नव्हती. ११ सप्टेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्यासमवेत मॉस्कोत पत्रकारपरिषद घेतली व क्यूबातील सोव्हिएत सैनिक मागे घेण्याचे जाहीर केले. क्यूबाशी आधी चर्चा झालेली नव्हती. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरची ही पुनरावृत्ती होती. फरक इतकाच की या वेळी कॅस्ट्रो यांना आश्चर्य वाटले नसावे. ब्रिगेडचे शेवटचे सैनिक १९९३ मध्ये परतले.

हवानानजीकचे लुर्देस येथील टेहळणी केंद्र तेवढे रशियाकडे राहिले. त्यापोटी रशिया वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर भाडे देत असे. डिसेंबर २००० मध्ये अध्यक्ष पुतिन यांनी कॅस्ट्रो यांच्यासमवेत या केंद्रास भेट दिली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. या निर्णयास आपली संमती नसल्याने करार रद्द झालेला नाही, असे पत्रक क्यूबाच्या सरकारने काढले. केंद्र बंद झालेच. २००२ मध्ये त्याच जागेवर क्यूबाने संगणकशास्त्राचे विद्यापीठ सुरू केले.